पावसाळ्यात संग्रहालयाच्या साठवणीच्या खोलीत गंजिफा, शंख आणि नमुन्यांच्या बाटल्या कशा सांभाळायच्या?

पागोळी:

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातलं छोटं संग्रहालय आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, वर कौलं. दर्शनी दालनाचं ठीक चाललंय, अडचण मागच्या साठवणीच्या खोलीची आहे. तिथे सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचे दोन संच (हाताने रंगवलेले गोल पत्ते, प्रत्येकी १२० पानं), तांब्याची जुनी भांडी, प्लायवूडच्या खणांत तीनेकशे शंख-शिंपले आणि मासे, खेकडे, समुद्रगोगलगाईंच्या चाळीसेक बाटल्या आहेत. एसी सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच २२ अंशांवर, रात्री बंद. जुलैत सकाळी खोली उघडली की आर्द्रतेचं मीटर ८८ टक्के दाखवतं.

आत्ताची स्थिती अशी: गंजिफांच्या कडांना पांढरट बुरशी आहे. शंखांवर पांढरी भुकटी बसली आहे आणि खण ओढला की आंबूस वास येतो. बाटल्यांतला द्रव निम्म्यावर आला आहे. डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) घ्यायचा तर किती लिटरचा घ्यावा? आणि बुरशी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली तर चालेल का?

कौलारू:

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तिथे चूक झाली तर भरून निघत नाही. गंजिफाला स्पिरिट लावू नका. वरचा चकचकीत थर लाखेचा असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. बोळा फिरवलात तर खालचा मत्स्य किंवा कूर्म रंगासकट उतरून येईल. ओलं फडकंही नको, आत चिंचोक्याची खळ असते, ती पाणी धरते आणि पान फुगतं. ऊन तर नकोच, थर वेगवेगळ्या गतीने आक्रसून तडकतात.

बुरशीची पानं आज बाजूला काढून बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. कोरड्या खोलीत ब्लॉटिंग पेपरवर सुटी मांडा, पंखा लावा पण वारा थेट पानांवर नको. चार-पाच दिवसांत बुरशी कोरडी, पिठासारखी होते. बोट लावल्यावर चिकटून पसरत असेल तर ती अजून जिवंत आहे, थांबा. कोरडी झाली की मऊ ब्रशने पानाच्या मध्यापासून कडेकडे झटका आणि व्हॅक्यूमच्या तोंडाला मलमल बांधून उडणारी धूळ लगेच ओढून घ्या. एन-९५ मास्क लावूनच हे करायचं.

आता मूळ दुखणं, म्हणजे तुमचा एसी. बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेला २६ अंशांच्या खालचं काहीही लागलं की पाणी सुटतं. तुम्ही दिवसभर तांब्याची भांडी २२ वर गार करता, साडेपाचला एसी बंद होतो, दार उघडतं, आणि भांड्यांना थंड पाण्याच्या तांब्यासारखा घाम फुटतो. हे रोज होतं. नुसत्या ओलीने होणाऱ्या नुकसानात ही रोजची चढउतार भर घालते. एसी एकतर चोवीस तास चालवा, नाहीतर पावसाळाभर बंद ठेवा.

डिह्युमिडिफायर कौलारू खोलीत घालणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी ओतणं. कौलांच्या फटींतून हवा येतच राहणार. खाली नीट छत घातलेलं असेल तरच विचार करा. तेव्हाही लाईट जाऊन आल्यावर आपोआप सुरू होणारं मॉडेल बघा. बरीच बटणवाली यंत्रं पुन्हा चालू होत नाहीत आणि सोमवारी सकाळी कळतं. टाकी भरली की यंत्र बंद पडतं, म्हणून नळी थेट मोरीत सोडा.

कोकणात खोली वाळवायच्या मागे लागू नये, पेटी वाळवावी. झाकणाला रबरी पट्टी आणि कडेला क्लिपा असलेले पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्या. त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) लिटरमागे २० ग्रॅम, म्हणजे ५० लिटरच्या डब्याला १ किलो. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. नारिंगी मिळतं, ओल धरली की हिरवट होतं.

इथे एक बारकावा आहे. तांब्यासाठी जेल पूर्ण कोरडं हवं: ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास. गंजिफाला असं ओव्हनमधलं जेल दिलंत तर पानं वाकतील. त्यांच्यासाठी जेल जानेवारी-फेब्रुवारीत पसरट ताटांत उघडं ठेवा, मीटर ५५ च्या आसपास असेल अशा दिवसांत, निदान दोन आठवडे. मग तेच डब्यात भरून मे महिन्यात झाकण लावा. ते डब्यातली हवा ५५ च्या जवळपास धरून ठेवतं.

डबे भिंतीपासून १० सेंमी, जमिनीपासून १५ सेंमी वर. जांभा पाणी ओढतो, टेकवून ठेवलेलं काहीही सादळतं.

शंखशिंपला:

शंखांवरची भुकटी बुरशी नाही. प्लायवूडच्या गोंदातून आणि लाकडातून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ निघते. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याच्यावर आम्ल बसलं की क्षार तयार होतात आणि पृष्ठभाग खडूसारखा होतो. तुमचा आंबूस वास तोच. जगभरच्या संग्रहालयांत याला 'बाइन्स डिसीज' म्हणतात, पण हा रोग नव्हे, एका शंखाचा दुसऱ्याला लागत नाही. सगळे एकाच खणात बंद असतात म्हणून सगळे झिजतात.

चिठ्ठ्या आधी काढून क्रमांकासकट वेगळ्या ठेवा. शंख डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी पाणी बदला, पुन्हा काही तास. मऊ ब्रश, मग सावलीत आठवडाभर वाळवणं. वेटोळ्याच्या आतलं पाणी सहज जात नाही. झिजलेली नक्षी परत येत नाही. चमक यावी म्हणून खोबरेल किंवा वॉर्निश लावायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या वेळी धुता येत नाही. नंतर पावडर-कोटेड लोखंडी खण. कापसाच्या जागी पॉलिथिलीन फोम.

बाटल्यांत काहीही ओतण्याआधी आत काय आहे ते ठरवा. वास घेऊन नाही, फॉर्मालिन (नमुने टिकवायचं रसायन) घशाला आणि डोळ्यांना घातक आहे. थोडा द्रव काढून त्यात हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) टाका: ०.८८-०.८९ आलं तर ७० टक्के अल्कोहोल, १ च्या किंचित वर आलं तर फॉर्मालिन. ०.९४-०.९५ आलं तर बरंच अल्कोहोल उडून पाण्याचं प्रमाण वाढलंय. अल्कोहोल पाण्याच्या आधी उडतं, त्यामुळे नुसती ७० टक्क्यांची भर घालत राहिलात तर बाटली दरवर्षी पातळ होते आणि मासा आतून कुजतो. अशा बाटलीतला द्रव पूर्ण बदला. ९५ टक्के इथेनॉल ७३७ मिली घेऊन डिस्टिल्ड वॉटरने १ लिटर करा, झालं ७० टक्के. इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तो आधी बघा.

फॉर्मालिन करायचं तर बाजारातलं ३७-४० टक्क्यांचं १०० मिली, पाणी ९०० मिली, त्यात मोनोसोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे क्षार टाळू नका, नाहीतर द्रव आम्लधर्मी होतो आणि खेकड्याचं कवच मऊ पडतं. शंखासकट असलेल्या गोगलगाई तर फॉर्मालिनमध्ये ठेवूच नका. धुऊन ३०, ५०, ७० टक्के अल्कोहोल अशा टप्प्यांनी न्या, प्रत्येकी एक दिवस.

पागोळी:

दोघांचेही मनापासून आभार. लोखंडी खणांना मंजुरी यायला सहा महिने तरी जातील. तोपर्यंत शंखांचं काय करू? आणि तांब्याच्या एका घंगाळावर फिकट हिरवे, भुसभुशीत ठिपके दिसतात, ते चिंचेने काढू का?

कौलारू:

चिंच, लिंबू, पितांबरी काहीच नको. फिकट हिरवी भुकटी म्हणजे क्लोराइड, समुद्राच्या हवेचं मीठ धातूच्या आत शिरलंय. आम्ल लावलं की ते आणखी आत जातं, वर जुना चढलेला रंगही जातो. ते घंगाळ एकटं, कोरड्या जेलच्या डब्यात, ४० टक्क्यांच्या खाली ठेवा. तिथे ते थांबतं. पुढचा इलाज धातूच्या संवर्धकाकडून. लखनौच्या एनआरएलसीला (सांस्कृतिक वस्तूंच्या जतनाची केंद्र सरकारची प्रयोगशाळा) फोटोसकट लिहा.

मीटर खरं बोलतंय का तेही बघा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबथेंब पाण्याने चिखल करा, मीटरसह बंद डब्यात १२ तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. ८१ दाखवलं तर त्या पट्ट्यातल्या आकड्यातून ६ वजा करा.

शंखशिंपला:

सहा महिने थांबू नका. शंख प्लायवूडमधून काढून पॉलिप्रॉपिलीनच्या साध्या खाण्याच्या डब्यांत ठेवा, चिठ्ठी त्याच डब्यात. चिठ्ठी नव्याने लिहायची तर पेन्सिलने. बाटल्यांच्या आतल्या चिठ्ठ्याही पेन्सिलनेच, जाड सुती कागदावर. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि कुठल्या बंदरावर, कधी सापडला हे पुसलं गेलं की तो फक्त एक मासा उरतो.