सबसिडी देऊन आपल्या भागात खरंच रोजगार येतो का?

लातूरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, चाकणला काँट्रॅक्टवर आहे, गाव लातूर जिल्ह्यात. भावासोबत गावाकडं छोटी डाळ मिल टाकायचं डोक्यात आहे, सीएमईजीपी (मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) मध्ये ३५ टक्के सबसिडी मिळते असं ऐकलंय. वडील म्हणतात या योजनांनी कुणाचं भलं झालंय. आणि मलाही कळत नाही, इतकी वर्षं सरकार मागास भागाला सवलती देतंय तरी आमच्याकडची पोरं पुण्यालाच का येतात?

डाळमिलवाला:
३५ टक्के सगळ्यांना नाही मित्रा. ग्रामीण भागात ओपनला २५, महिला, एससी, एसटी, ओबीसी, माजी सैनिक वगैरेंना ३५, शहरात १५ आणि २५. पैसे हातात येत नाहीत, ३ वर्षं बँकेतच पडून राहतात, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि युनिट चालू असेल तरच कर्जातून वळते होतात. मशीन लोनवर बसतात हो, पण तूर घ्यायला पैसा कुठून आणणार? माल बाजारात येतो जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हाच घेणाऱ्याला भाव बरा पडतो, तेव्हा हातात रोकड नसली की पुढं महिनोन्महिने मिल बंद आणि कामाला ठेवलेली माणसं घरी. माझ्याकडं पहिल्या वर्षी हेच झालं. कॅश क्रेडिटचं, म्हणजे माल खरेदीसाठीच्या फिरत्या कर्जाचं, बँकेशी आधीच बोलून घ्या.

वाळूजकर:
वडिलांचं पूर्ण पटत नाही. १९६२ ला एमआयडीसी आली, १९६४ ला मागास भागात कारखाना टाकणाऱ्याला सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना. आमच्या वाळूजला (छत्रपती संभाजीनगरजवळ) १९८५ मध्ये बजाजचा प्लांट आला आणि भोवती पार्ट बनवणारी कितीतरी वर्कशॉप उभी राहिली, आज पोरं तिथंच लेथ आणि सीएनसीवर कामाला आहेत. पण शहर, रेल्वे, विमानतळ सगळं जवळ होतं म्हणून ते जमलं. तालुक्याच्या एमआयडीसीत नुसता प्लॉट आणि फलक असला तर कोण येणार? आणि माझा मुख्य आक्षेप असा की जीएसटी परतावा वगैरे सगळं गुंतवणुकीच्या टक्केवारीत मोजतात, म्हणजे महागडी ऑटोमॅटिक मशीन लावणाऱ्याला जास्त आणि पन्नास माणसं राबवणाऱ्याला कमी. मेगा प्रोजेक्टला रोजगाराचा निकष लावता येतो, मग छोट्यांना माणशी का मोजत नाहीत? हे बदललंच पाहिजे.

सुनीता_बीड:
रोजगार म्हणजे फक्त कारखाना नाही हो. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडं लोक जगले ते रोजगार हमीच्या कामावर, पुढं १९७७ ला त्याचा कायदा झाला. पैसा कुठून आला? तुमच्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापतात ना, फेब्रुवारीत ३००, तो कर १९७५ मध्ये यासाठीच लावला. शहरातल्या पगारदाराच्या पैशातून खेड्यात पाझर तलाव आणि रस्ते झाले. पाणी आणि रस्ता असला तरच मिल चालेल, म्हणून मला वाटतं सवलतीआधी तेच बघावं.

लातूरचा_पोरगा:
स्लिपवर २०० बघत होतो, कशाचे ते आज कळलं. बरं, पहिला कागद कुठं द्यायचा?

डाळमिलवाला:
अर्ज ऑनलाइन, पण आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन या. वय १८ पूर्ण पाहिजे, वरच्या वयाची अट आत्ता काय आहे ते तिथंच विचारा. मशीनचं कोटेशन, जागेचे कागद आणि प्रोजेक्ट रिपोर्ट लागेल, रिपोर्टमध्ये तुरीची खरेदी किती लागेल ते नीट मांडा. उद्योजकता ट्रेनिंग करावं लागतं. योजना नवीन युनिटलाच आहे, त्यामुळं मंजुरी यायच्या आधी मशीन घेऊन बसू नका. आणि थ्री फेज कनेक्शनचं महावितरणला आत्ताच विचारा, लोड मिळायला वेळ जातो.