वडिलांना टीबी निघालाय, पैशांच्या मदतीचं कोणाला विचारायचं?

बाबा ५८ वर्षांचे, गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. ते बंद झालं. गोळ्या फुकट मिळाल्या, पण मदतीबद्दल दवाखान्यात कोणीच बोललं नाही.

उत्तर १
ताई, मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. आधी गोळ्या देणाऱ्या क्षयरोग केंद्रात बाबांचं बँक पासबुक दिलंय का ते बघा. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते). खातं जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, आणि हे बरेचदा होतं.

दुसरं, संजय गांधी निराधार योजना, म्हणजे निराधारांना सरकारकडून दरमहा मिळणारी मदत. ही फक्त विधवांसाठी असते असं लोक धरून चालतात, पण त्यात क्षयरोगीही येतात. उत्पन्नाची अट मात्र फार कडक, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवं. अर्ज तहसील कार्यालयात. आजाराचा सरकारी दाखला लागतो, तो दवाखान्यात खेप होईल तेव्हाच मागा. आजारी माणसाला एका कागदासाठी पुन्हा बसने आणायला लावणं मला बघवत नाही.

ताई
खूप आभार! पासबुक दिलेलंच नाही. भरती करायची वेळ आली तर?

उत्तर २
महात्मा फुले योजनेतल्या (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या कामात रुग्णांना मदत करणारा माणूस, बसतो. रेशनकार्ड, आधार घेऊन आधी त्यालाच गाठा. धर्मादाय रुग्णालय असेल तर निर्धनांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा, नुसतं बिलिंगच्या खिडकीवर विचारून परत फिरू नका.