कठीण काळात तुमच्या मित्रमैत्रिणींनी नेमकं काय केलं? (अनुभव धागा)

गेल्या वर्षी मला स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. तेव्हापासून 'पॉझिटिव्ह राहा' हे भेटेल त्याने सांगितलं. सगळ्यांनी मायेनेच सांगितलं. पण ऑपरेशननंतर हात खांद्याच्या वर जात नाही, सकाळी उशीवर केसांचा पुंजका दिसतो, तेव्हा पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे नक्की काय करायचं? ते मला माझ्या ट्रेनच्या ग्रूपने शिकवलं.

बदलापूरहून सुटणाऱ्या फास्टचा लेडीज डबा. बँकेतल्या दोघी, मंत्रालयातली एक, एका हॉस्पिटलातली नर्स, क्रॉफर्ड मार्केटला दुकानात काम करणारी एक आणि मी. संक्रांतीचं हळदीकुंकू, दसऱ्याचं तोरण, एकीचं डोहाळजेवण, सगळं त्या डब्यात झालेलं. माझी रजा सुरू झाल्यावर रोज ऑफिसात पोचण्याआधी कोणी ना कोणी मला व्हॉइस मेसेज पाठवायची. चौथ्या सीटवरून कोण भांडलं, कल्याणला गर्दी कशी घुसली, कानातले विकणारीकडे नवीन काय आलं. माझ्या तब्येतीबद्दल त्यात अक्षर नसायचं. केमोच्या दिवशी खुर्चीत बसून मी ते एकामागून एक ऐकत राहायचे.

आणि आमची नर्स. काखेतल्या गाठी काढल्या की खांदा आखडतो, म्हणून भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायचा व्यायाम देतात. दुखतं, त्यामुळे आपण टाळतो. ती दर रविवारी घरी यायची, माझी बोटं पोचतील तिथे दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करायची आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख लिहायची. हात सुधारतोय असं मला अजिबात वाटत नव्हतं, पण खुणा वर सरकत होत्या, ते डोळ्यांना दिसत होतं. त्या खुणांवर मी रंग लावू दिलेला नाही.

म्हणून हा धागा काढतेय. आजारपण असो, नोकरी जाणं असो, घरातलं माणूस जाणं असो. सल्ले नकोत. कोणी काय केलं आणि त्याने तुम्हाला कसा धीर आला, ते लिहा.

लालबागहून

ताई, पेन्सिलच्या खुणा वाचल्या आणि लिहायला बसलो. मी कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होतो. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. संपाचे पुढारी दत्ता सामंत, त्यांना आम्ही नुसतं 'डॉक्टर' म्हणायचो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गणपतीपर्यंत मिटेल, दिवाळीपर्यंत मिटेल, असं करत वर्ष गेलं. खोलीतले बरेच गाववाले कोकणात परत गेले. माझं लग्न नुकतंच झालं होतं, मी राहिलो.

आम्ही तिघांनी मिळून हातगाडी भाड्याने घेतली. पहाटे दादरला जाऊन भाजी उचलायची आणि गल्लीगल्लीत विकायची. पगार घेणाऱ्या माणसाला रस्त्यावर उभं राहून 'मेथी घ्या, कोथिंबीर घ्या' ओरडायला फार जड जातं. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. आमच्यातला एक भजनी मंडळात गाणारा, खड्या आवाजाचा. तो म्हणाला, "ओरडायचं माझ्याकडे लागलं. तू तराजू धर." पुढे कितीतरी महिने मी तराजूच धरला. कोणाच्या दारात आवाज द्यायची वेळ त्याने माझ्यावर येऊ दिली नाही. खाणावळवाल्या मावशींची उधारी थकली होती, त्यांनी ताट कधी अडवलं नाही. रात्री हिशेब झाला की चाळीच्या गॅलरीत भजन. पोटात कमी असलं तरी पखवाजावर थाप पडली की माणूस ताठ बसतो, हे मी स्वतः पाहिलंय.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मला गिरणीत परत काम मिळालं नाही. माझ्या दोन्ही मुलांची शिक्षणं त्या भाजीवर झाली. तो गाणारा आता नाही, पण त्याचा नातू दर दिवाळीला फराळ घेऊन येतो.

कुर्ल्याहून

थोडक्यात लिहितो. 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. छातीभर पाण्यात एकमेकांचे हात धरून चालताना ज्या चार अनोळखी माणसांशी गाठ पडली, ती आज माझी सगळ्यात जवळची माणसं आहेत. पुढे वडील गेले तेव्हा नातेवाईकांच्या आधी हे चौघे दारात होते, आणि रेशनकार्डापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंतची सगळी धावपळ त्यांनी वाटून घेतली.

भांडुपहून

मी डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. दिवसभराचं पाणी मोजून प्यावं लागतं, त्यात चहा आला, आमटी आली, ताकही आलं. नारळपाणी बंद, केळं बंद, कारण पोटॅशियम वाढतं. मूळ मालवणचा असून नारळपाणी बंद, यावर मी सुरुवातीला खूप चिडायचो.

शाळेपासूनचा आमचा रविवारचा कट्टा आहे. पूर्वी गप्पांत दोन-तीन कटिंग सहज व्हायच्या. एका रविवारपासून सगळ्यांनी एकच मागवायला सुरुवात केली आणि माझ्यासाठी अर्धी. कोणी विषय काढला नाही, टपरीवाल्याला कोणी कधी सांगितलं तेही मला कळलं नाही. मी आलो की अर्धा ग्लास समोर येतो. डायलिसिसच्या सुया टोचायला हातातल्या रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला करतात, त्या हाताने वजन उचलायचं नसतं, म्हणून पिशवी आपोआप दुसऱ्याच्या हातात जाते.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गावची जत्रा. डायलिसिस सुरू झाल्यावर गाव सुटलं असं मी धरूनच चाललो होतो. एका मित्राने फोनाफोनी करून गावाजवळचं सेंटर शोधलं, माझे हिपॅटायटिस आणि एचआयव्हीचे रिपोर्ट आधी पाठवले (ते पाहिल्याशिवाय बाहेरच्या पेशंटला मशीन देत नाहीत), दोन पाळ्या राखून ठेवल्या आणि मगच मला विचारलं, "येतोस ना?" देवळासमोर उभा होतो तेव्हा आजारी असल्याचं दिवसभर आठवलं नव्हतं. तुमच्या ओळखीत कोणी डायलिसिसवर असेल तर हे जरूर सांगा, प्रवास करता येतो. आधी ठरवावं लागतं, एवढंच.

नायगावहून

माझा अनुभव जरा वेगळा आहे. नोकरी गेली, त्यानंतर हळूहळू मी अंथरुणातून उठेनासा झालो. मित्र चांगले आहेत. रोज शिवाजी पार्कला ओढून न्यायचे, बॅट हातात द्यायचे, हसवायचे. मी हसायचोही. घरी आलो की पुन्हा तेच. सगळे एवढं करतायत आणि मला बरं वाटत नाही, याचंच ओझं व्हायला लागलं.

त्यातल्या एकाने ते ओळखलं. त्याने विचारलं, "झोप लागते का? जगायला नको असं वाटतं का?" इतकं सरळ कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो. त्या रात्री तो माझ्याकडे थांबला, दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत माझ्यासोबत केसपेपरच्या रांगेत उभा राहिला. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात हे डॉक्टरांनी त्याच्यासमोरच सांगितलं, त्यामुळे मी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडायला निघालो की तो कॅलेंडर दाखवायचा. आता मी ग्राउंडवर स्वतःहून जातो.

वाचणाऱ्यांपैकी कोणाचं असं होत असेल तर 14416 हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मित्राला सांगणं जमत नसेल तर तिथे सांगा.

बोरिवलीहून

नायगावच्या बाळा, तुझ्या त्या मित्राला या आजीचा आशीर्वाद सांग. आमचे हे गेल्यावर मला शेजारणीने हास्यक्लबात नेलं. डॉ. मदन कटारियांनी 1995 मध्ये अंधेरीच्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केलेली ही चळवळ आता परदेशातही पोचली आहे. मला पहिले दिवस हसू येत नव्हतं, टाळ्या तेवढ्या वाजवायचे. खरा आधार हसण्यापेक्षा नंतरच्या बाकावरच्या गप्पांचा झाला. एखादी दिसली नाही की नऊच्या आत तिच्या घरी फोन जातो. एकट्या राहणाऱ्या बाईला हा फोन फार मोठा असतो.

ठाण्याहून

सगळं वाचलं. एक विचारायचं आहे. माझ्या जिवलग मैत्रिणीची केमो पुढच्या आठवड्यात सुरू होतेय. मी काय करू? काय बोलू तेही सुचत नाहीये.

बदलापूरहून (धागा काढणारी)

अगं, बोलायचं दडपण घेऊ नकोस. 'काही लागलं तर सांग' म्हणू नकोस, ती सांगणार नाही. एक काम स्वतःकडे घे. मुलांना क्लासला सोडणं, भाजी निवडून आणणं, केमोच्या दिवशी सोबत, काहीही. केमोनंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी खूप खाली येतात, तेव्हा तुला सर्दी-खोकला असेल तर जाऊ नकोस, फोन कर. बाहेरचं कापलेलं फळ नेऊ नकोस. तिला ताप आला तर रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करायचा, हे घरच्यांना आधीच सांगून ठेव. तोंड आलं असेल तर तिखट उतरत नाही, मऊ भात, लापशी, पातळ खिचडी असं ने. फोडणीचा वासही सोसत नाही, म्हणून तुझ्या घरून करून ने. आणि एकमेकींच्या जुन्या भानगडी, सासूच्या गोष्टी, नवीन मालिका, जे आधी बोलत होतात तेच बोला.

पहिली केमो झाली की इथे लिही.