न उलगडलेले गारूड: ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि आपले अनुभव

न्यू जर्सीत राहायला येऊन मला अठरा वर्षे झाली, आणि इथली एक गोष्ट मला अजून उमगलेली नाही, ती म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीन. इथल्या माणसांच्या लेखी तो नुसता गायक नाही, घरातला कर्ता मुलगा आहे. २०२३ साली गव्हर्नरांनी २३ सप्टेंबर हा त्याचा जन्मदिवस राज्यात 'ब्रूस स्प्रिंगस्टीन दिन' म्हणून जाहीर केला, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या साठीच्या एका सहकारी बाईंचे डोळे भरून आले होते. त्या अतिशय संयमी आहेत. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी आवाज चढवतानाही ऐकलेले नाही. त्यांना जे ऐकू येते ते मला का ऐकू येत नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात घर करून आहे.

मी न ऐकताच बोलते आहे, असे कोणी समजू नये. १९७५ चा 'बॉर्न टू रन' हा अल्बम मी गाण्यांचे शब्द समोर ठेवून, कानाला हेडफोन लावून, चार वेळा सलग ऐकला आहे. त्यातले शीर्षकगीत ध्वनिमुद्रित करायला त्याला सुमारे सहा महिने लागले. गिटारींच्या थरांवर पियानो, ग्लॉकेनश्पील आणि सॅक्सोफोन रचत त्याने फिल स्पेक्टर या संगीतनिर्मात्याच्या धर्तीवर आवाजाची एक भिंत उभी केली, हे मला ठाऊक आहे. माझी अडचण अशी की मला ती भिंतच ऐकू येते आणि तिच्यामागे गाणारा माणूस सापडत नाही. माझा कान भावगीतांवर पोसला आहे. शब्द स्वच्छ यावा, स्वराने त्याला अलगद उचलून धरावे आणि दोन ओळींच्या मध्ये थोडी मोकळी जागा असावी, ही माझी सवय आहे. इथे शब्द दातांत आवळून बाहेर फेकल्यासारखे येतात, ओळीचा शेवट वाद्यांच्या गर्दीत बुडतो आणि मी कागदावर बोट ठेवून पुढची ओळ शोधत राहते.

म्हणून हा धागा काढते आहे. ज्यांना तो आवडत नाही त्यांनी लिहावेच, पण आधी आवडत नव्हता आणि पुढे आवडू लागला, अशांनी आवर्जून लिहावे. नुसते 'आवडत नाही' म्हणून थांबू नये. काय ऐकले आणि कुठे अडले, ते सांगावे. त्याच्या चाहत्यांना नावे ठेवण्यासाठी हा धागा नाही.

*

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. माझा अनुभव मैफलीचा आहे. 'रेकॉर्डवर तो कळत नाही, त्याला समोर बघावे लागते,' असे मला इतक्या जणांनी सांगितले होते की मित्राकडे एक तिकीट जास्त आहे म्हटल्यावर मी ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियमवर गेलो.

तो मंचावर आला आणि चहूबाजूंनी घुमल्यासारखा एक खालच्या पट्टीतला आवाज उठला. लोक त्याची हुर्यो उडवत आहेत, असेच मला वाटले. मित्राने कानाशी येऊन सांगितले की ते 'ब्रूऽऽस' म्हणत आहेत. त्यानंतर जवळजवळ तीन तास गाणी चालली. त्याच्या मेहनतीबद्दल मी एक शब्दही वावगा बोलणार नाही. २०१२ साली हेलसिंकीत हा माणूस चार तासांहून अधिक वेळ गायला, त्या वेळी तो बासष्ट वर्षांचा होता. घाम गाळणे म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावे. 'बॉर्न टू रन'च्या वेळी स्टेडियमचे सगळे दिवे लावतात, तसे ते लागले, आणि अंधारात इतका वेळ न दिसलेले हजारो चेहरे एकदम समोर आले. माझ्या पुढच्या रांगेत पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ आपल्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून प्रत्येक शब्द म्हणत होते आणि रडत होते.

मी टाळ्या वाजवत होतो, पण माझी अवस्था परक्या गावच्या जत्रेत सापडलेल्या माणसासारखी झाली होती. पालखी कोणाची, ती पाहून लोकांचे डोळे का भरतात, हे विचारायचीही सोय नसते. मला त्या गृहस्थांचा हेवा वाटला, गाणे मात्र आवडले नाही. घरी येताना गाडीत मित्राने विचारले, 'कसे वाटले?' मी 'लोक फार छान होते' एवढेच खरेपणाने सांगू शकलो.

*

माझे अडते ते १९८४ च्या 'बॉर्न इन द यू. एस. ए.' या गाण्यापाशी, आणि याबाबत माझे मत ठाम आहे.

हे गाणे व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकाचे आहे. त्याला काम मिळत नाही, त्याचा भाऊ युद्धात गेला आहे, आणि दहा वर्षांनंतरही त्याला पुढची वाट दिसत नाही. पण सिंथेसायझरवरची ती तुतारीसारखी धून, तोफेसारखा वाजणारा ड्रम आणि मुठी आवळून म्हणायचे ध्रुवपद यांमुळे ते विजयगीतासारखे ऐकू येते. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या हॅमंटन इथल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनचे नाव घेऊन त्याच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचे कौतुक केले. चाहते म्हणतात की चूक नीट न ऐकणाऱ्यांची आहे. मला हे पटत नाही. चाल एक सांगत असेल आणि शब्द दुसरेच सांगत असतील, आणि लाखो लोक चालीचेच ऐकत असतील, तर त्याची थोडी जबाबदारी चाल बांधणाऱ्यावर येतेच. कडवटपणा आणि अभिमान यांना मुद्दाम समोरासमोर उभे केले आहे, हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो समजतोही. माझ्या कानाला मात्र ती लढाई सुरू होण्याआधीच ड्रमने जिंकलेली असते. त्या अल्बममधली सात गाणी अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोहोचली, यावरून लोकांना ड्रम आवडला एवढे तरी दिसते.

माझ्या मताला बळ देणारी गोष्ट म्हणजे याच गाण्याचे आधीचे रूप. १९८२ च्या सुरुवातीला कोल्ट्स नेक इथल्या घरी स्प्रिंगस्टीनने चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर एकट्याने जी गाणी मुद्रित केली, त्यांत हेही होते, आणि ते १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात ड्रम नाही, तुतारी नाही. एक गिटार आणि खोलीत कोंडलेला आवाज आहे. ते ऐकून मी सुन्न झाले. तिथे चाल आणि शब्द एकाच माणसाचे वाटतात. त्या कॅसेटमधली बरीचशी गाणी 'नेब्रास्का' या नावाच्या अल्बममध्ये १९८२ सालीच आली. आधी ती पूर्ण वाद्यवृंदासह स्टुडिओत करून पाहिली होती, पण ती जमेनात, म्हणून शेवटी कॅसेटच छापली. ताईंनी तेवढे ऐकावे, अशी माझी विनंती आहे.

*

मी पियानो शिकवतो, म्हणून फक्त बांधणीबद्दल लिहितो.

माझ्या एका विद्यार्थिनीने वडिलांच्या वाढदिवसासाठी 'थंडर रोड' बसवून मागितले. मलाही हा गायक कधी रुचला नव्हता, पण शिकवायचे तर आत शिरावे लागते. सुरुवातीला हार्मोनिका आणि पियानो आहेत, स्वरसंगती साध्या आहेत, आणि गाण्याच्या पट्टीचा आवाका इतका लहान की पुष्कळदा एकाच स्वरावर सहा-सात शब्द बोलल्यासारखे येतात. पहिल्या दिवशी माझी विद्यार्थिनी कंटाळली आणि मीही कंटाळलो. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, 'सर, यात परत कुठे यायचे?' तिच्या या प्रश्नाने माझी गाठ सुटली. या गाण्याला नेहमीच्या अर्थाने ध्रुवपदच नाही. आपला कान अंतऱ्यानंतर मुखड्याची वाट पाहतो, समेवर येण्याचा आनंद शोधतो. हे गाणे मात्र व्हरांड्यात उभ्या असलेल्या मुलीपासून निघते आणि मागे न वळता शेवटापर्यंत जाते. मुलगा तिला गाव सोडून चल म्हणतो आहे, आणि चालही गाव सोडूनच निघाली आहे. शेवटी शब्द संपतात आणि सॅक्सोफोन व पियानो मिळून पुढचा रस्ता वाजवतात. क्लॅरन्स क्लेमन्सचा तो सॅक्सोफोन नसता, तर शेवट निम्मा झाला असता.

हे कळल्यावर मला हे एक गाणे आवडू लागले. गायक आवडू लागला, असे म्हणणार नाही. त्याचा जोर लावून गाण्याचा खरखरीत आवाज मला आजही शिणवतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत मला माझाच घसा आवळल्यासारखा होतो. वरच्या प्रतिसादात चाल आणि शब्द यांच्या फारकतीबद्दल जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, पण 'थंडर रोड'ला तो आक्षेप लागू होत नाही.

*

३० सप्टेंबर १९८८ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर अॅम्नेस्टी इंटरनॅशनलची मानवी हक्कांसाठीची मैफल झाली, तिला मी विद्यार्थी म्हणून हजर होतो. पीटर गॅब्रिएल, स्टिंग, यूसू एन्दूर, ट्रेसी चॅपमन आणि स्प्रिंगस्टीन असे सगळे एका मंचावर होते. ट्रेसी चॅपमन एकटी गिटार घेऊन उभी राहिली, ते चित्र आजही डोळ्यांसमोर आहे. स्प्रिंगस्टीन पूर्ण ताफ्यासह आला होता आणि पुष्कळ गायला, पण त्याचे एकही गाणे माझ्या मनात उरलेले नाही. तेव्हा वाटले की माझे इंग्रजी कमी पडले. आज इंग्रजी कमी पडत नाही, तरी तसेच आहे.

*

मला खटकते ते वेगळेच. कष्टकऱ्यांचा गायक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्याच्या २०२३ च्या दौऱ्याची तिकिटे मागणीप्रमाणे किंमत वाढवण्याच्या पद्धतीने विकली गेली आणि काही तिकिटे पाच हजार डॉलरपर्यंत गेली. त्याआधी २०२१ साली त्याने आपल्या सर्व गाण्यांचे हक्क सुमारे पन्नास कोटी डॉलरला विकल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपण कारखान्यात कधी पाऊल टाकलेले नाही, हे त्याने ब्रॉडवेच्या मंचावर स्वतःच सांगितले आहे. इतक्या मोकळेपणाने सांगितले, याचा आदर वाटतो, पण त्यानंतर बंद पडलेल्या गिरणीचे गाणे ऐकताना माझे मन आत शिरत नाही, दारातच थांबते.

*

वरील प्रतिसादाला उत्तर म्हणून नव्हे, पण त्याला जोडून लिहिते. तिकिटांबद्दलचा राग रास्त आहे. मात्र तो स्वतः कारखान्यात गेला नसला, तरी कारखाना त्याच्या घरात आला होता. त्याच्या वडिलांनी फ्रीहोल्ड या त्यांच्या गावच्या गालिच्यांच्या गिरणीत काम केले, मोटारींच्या कारखान्यात केले, बस चालवली, तुरुंगात पहारेकरी म्हणून नोकरी केली, आणि यातले काहीच टिकले नाही. रात्री स्वयंपाकघरात दिवा मालवून बसलेल्या त्या बापाबद्दल तो वर्षानुवर्षे मंचावर बोलत आला आहे.

आमचे शेजारी फ्रीहोल्डचे आहेत, आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा धाकटा भाऊ तिथल्या टेप बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. तो कारखाना बंद करायचे ठरले, तेव्हा जानेवारी १९८६ मध्ये स्प्रिंगस्टीनने ॲझ्बरी पार्कच्या 'स्टोन पोनी' या क्लबात त्या कामगारांसाठी मैफल केली. कारखाना वाचला नाही. शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांच्या वर अजून त्या दिवसांतले एक वर्तमानपत्राचे कात्रण चिकटवलेले आहे, कडा पिवळ्या पडलेल्या आणि मधोमध घडीची रेघ. मी त्यांना विचारले की तुम्हाला त्याचे कोणते गाणे आवडते. ते बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, 'गाणी मला फारशी ठाऊक नाहीत. पण तो आला होता.'

मलाही त्याची गाणी भिडत नाहीत. पण त्यांचे उत्तर ऐकल्यापासून मी त्याचे गारूड गाण्यांत शोधणे कमी केले आहे.

*

धागा काढणारी मीच पुन्हा लिहिते आहे. सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार मानते. शेजाऱ्यांच्या उत्तरापाशी मी बराच वेळ थांबले होते. आमच्या ऑफिसातल्या बाईही फ्रीहोल्डजवळच वाढल्या आहेत, आणि त्यांना मी आजवर फक्त 'त्याच्या गाण्यात काय आवडते' एवढेच विचारत आले, त्याच्याबद्दलची त्यांची आठवण कधी विचारली नाही.

सुचवल्याप्रमाणे 'थंडर रोड' पुन्हा ऐकले. ध्रुवपदाची वाट न पाहता ऐकणे मला जड गेले. दोनदा मन मागे वळलेच. सॅक्सोफोनपाशी मात्र पहिल्यांदा वाटले की काहीतरी उघडते आहे. आवाजाबद्दलचे माझे मत बदललेले नाही.

'नेब्रास्का' मी गाडीत लावला. मी रोज ज्या रूट ९ वरून जाते, तोच रस्ता 'बॉर्न टू रन'मध्ये येतो आणि तोच फ्रीहोल्डमधून जातो, हे अठरा वर्षांत माझ्या कधी लक्षात आले नव्हते. पहिल्याच गाण्याच्या हार्मोनिकामागे टेपची बारीक खरखर आहे. आवाज खाली आहे, शब्द स्वच्छ आहेत, आणि दोन ओळींच्या मध्ये जागा आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली, इंजिन बंद केले आणि गाणे संपेपर्यंत तशीच बसून राहिले. तेवढ्यात आमच्या त्या बाई शेजारच्या जागेत गाडी लावून उतरल्या, काचेतून आवाज ओळखून थांबल्या. मी काच खाली केली.