एकाच अंकात विशेष शिक्षण, तारे आणि प्रथिनं: अशी ‘सर्वविषयी’ जर्नलं ग्राह्य धरायची का?

जुना ग्रंथपाल

आमच्या महाविद्यालयात कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, फायली तपासणाऱ्या समितीवर मी आहे. परवा एका फायलीला जोडलेला जर्नलचा अंक उघडला. ओळीने तीन पेपर: बौद्धिक दिव्यांग मुलांना पैशांचे व्यवहार शिकवणं, ताऱ्यांची तेजस्विता, आणि कर्करोगाशी संबंधित एका प्रथिनाचं संगणकावरचं डॉकिंग, म्हणजे औषधाचा रेणू त्याला कसा चिकटेल याचा अंदाज. पान उलटलं तर जीएसटी आणि त्याच्यामागे संत साहित्य. पेपर पाठवल्याची तारीख आणि स्वीकृतीपत्राची तारीख यांत दोन दिवसांचं अंतर, आणि पत्राच्या तळाशी पैसे भरायचा क्यूआर कोड. मुखपृष्ठावर इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचे दाखले इतरांनी किती दिले त्याचा आकडा, थेट तीन दशांश स्थळांपर्यंत, पण तो काढणाऱ्या संस्थेचं नाव आयुष्यात ऐकलेलं नाही. आयएसएसएन मात्र ठळक. तो निव्वळ नोंदणी क्रमांक असतो, दर्जाचा दाखला नव्हे, हे सांगून माझा घसा बसला.

पार्श्वभूमी थोडक्यात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, जर्नलांच्या जुन्या मान्य यादीची 2018मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी छाननी केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून घुसलेल्या, कुठल्याही मान्यवर सूचीत नसलेल्या जर्नलांपैकी त्यांनी तपासलेली 88 टक्क्यांहून जास्त शंकास्पद निघाली. त्याच वर्षी यूजीसीने 4305 नावं उडवली. पुढे यूजीसीचीच ‘केअर’ ही जर्नलांची नवी यादी आली. फेब्रुवारी 2025मध्ये तीही बंद झाली आणि ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणून चेंडू महाविद्यालयांकडे टोलवला गेला.

तर ठरवू या. माझा प्रस्ताव सरळ आहे. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले विषय छापणारं जर्नल आलं की त्या पेपरचे पदोन्नतीचे गुण शून्य. हरकती असतील तर मांडा.

खोडदकर

हरकत आहे. तुम्ही 88 टक्क्यांचा दाखला दिलात तो लेख कुठे छापून आला? ‘करंट सायन्स’मध्ये. 1932पासून बंगळुरूहून निघतं आणि भूगर्भापासून पेशीपर्यंत सगळं छापतं. तुमच्या नियमाने तो लेखच शून्यावर! ‘नेचर’ 1869पासून हेच करतंय. ‘प्लॉस वन’ तर मुद्दाम सगळ्या विषयांसाठी काढलेलं आहे.

विषयांची खिचडी हा गुन्हा नाही. पेपर कुणी तपासला, तेवढंच बघा.

जुना ग्रंथपाल

‘नेचर’मध्ये खगोलाचा पेपर खगोल कळणारा संपादक हाताळतो. माझ्यासमोरच्या अंकाचे मुख्य संपादक वाणिज्य शाखेचे आहेत आणि संपादक मंडळात खगोलवाला एकही नाही. समितीला एका दुपारी सगळ्या फायली उरकायच्या असतात. प्रत्येक पेपर कुणी तपासला याचा छडा लावत बसलो तर नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, पुढची फेरी येईल. चाळणी जाडी असली तरी चालेल, पण हातात हवी.

चित्रकार्ड

तुमच्या जाड्या चाळणीतून नेमकी आम्हीच खाली पडणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी विशेष शिक्षणाच्या बी.एड.ला शिकवते. आमच्याकडचं संशोधन कसं असतं ते सांगते. स्वमग्न, बोलता न येणारी तीन मुलं. काही हवं असलं की हात ओढणार, नाहीतर किंचाळणार. त्यांना हव्या त्या वस्तूचं चित्रकार्ड उचलून समोरच्याच्या हातात द्यायला शिकवायचं. आधी तिघांच्याही नुसत्या नोंदी घ्यायच्या. मग पहिल्याला शिकवायला लागायचं, पण उरलेल्या दोघांच्या फक्त नोंदीच चालू ठेवायच्या. पहिल्याचा आलेख चढला की दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाचा आलेख त्याचं शिकणं सुरू झाल्यावरच चढला, तर हा बदल नुसत्या वयाने किंवा योगायोगाने झाला असं म्हणणं अवघड जातं. याला मल्टिपल बेसलाइन म्हणतात. तीनच मुलं असली तरी ही शिस्तीची, जगभर मान्य असलेली पद्धत आहे.

आता हा पेपर ‘चांगल्या’ शिक्षणशास्त्रीय जर्नलला पाठवा. उत्तर येतं: ‘सॅम्पल फक्त तीन? किमान तीसचा गट घ्या, नियंत्रण गट घ्या, टी-टेस्ट लावा.’ तपासणाऱ्याला पद्धतच ठाऊक नसते. 2016च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. प्रत्येकात जाणकार परीक्षक, तेही मराठी माध्यमाचा वर्ग डोळ्यांपुढे आणू शकेल असा, कुठून आणायचा? परदेशी जर्नलात पाठवावं तर कुठे इंग्रजीवर अडतं, कुठे फीवर. मग तुमच्या त्या सर्वविषयी अंकात जावं लागतं. तिथे सगळेच चोर असतात असं नाही, काहींना दुसरं दारच नसतं.

खोडदकर

हा मुद्दा मला मान्य नाही. दार नसेल तर ते बांधावं लागतं. आमच्या खगोलशास्त्रात एका लहान गावातल्या महाविद्यालयाचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आयुकाचा, म्हणजे पुण्याच्या खगोलसंशोधन केंद्राचा, व्हिजिटिंग असोसिएट होऊ शकतो, पुण्यात येऊन राहतो, ग्रंथालय वापरतो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर निरीक्षणाचा वेळ हवा तर प्रस्ताव पाठवायचा, तो तज्ज्ञ समिती तपासते. पेपर लिहिला की 1991पासून चालू असलेल्या ‘आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर फुकट टाकतो, तो जगातला कुणीही वाचू शकतो. भारतीय विज्ञान अकादमीचं खगोलभौतिकीचं जर्नल आहे. म्हणून त्या अंकातला ताऱ्यांचा पेपर मला सगळ्यात संशयास्पद वाटतो. खगोलवाल्याला तिथे जायचं कारणच नाही. तो तिथे दिसला म्हणजे दुसरीकडे टिकला नसणार.

चित्रकार्ड

बरोबर, आणि मी तेच तर सांगतेय. तुमच्याकडे आयुका आहे. विशेष शिक्षणाची आयुका कुठे आहे, दाखवा. एकच नियम तिघांना लावलात तर तुमचा माणूस नापास व्हायलाच हवा, माझा मात्र विनाकारण होईल.

पिपेट

मी मॉलिक्युलर बायोलॉजीत काम करतो, सध्या देशाबाहेर. तुमच्या गावठी जर्नलांवरचा राग समजतो, पण ‘मोठं नाव म्हणजे सुरक्षित’ हे गृहीत धरू नका. 2016मध्ये एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी 40 जर्नलांतले 20,621 पेपर डोळ्यांखालून घातले. 3.8 टक्के पेपरांत चित्रांचा घोळ. तोच वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं दाखवणाऱ्या पट्ट्यांचा फोटो) उलटा करून दुसऱ्या प्रयोगाचा म्हणून लावलेला, असले प्रकार. त्यातल्या निम्म्यांत तरी हे मुद्दाम केल्यासारखं दिसत होतं. आणि ही सगळी फक्त जीव-वैद्यक विषयाची, ‘पीअर रिव्ह्यू’वाली, म्हणजे त्याच विषयाच्या तज्ज्ञांकडून पेपर तपासून घेणारी, जर्नलं.

हिंदावी ही प्रकाशनसंस्था आठवते? 2021मध्ये वायली या बड्या प्रकाशकाने ती जवळजवळ 30 कोटी डॉलरना घेतली. 2023मध्ये त्याच हिंदावीचे 8000हून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. पेपरमिलने, म्हणजे पैसे घेऊन बनावट पेपर पाडणाऱ्या कारखान्यांनी, टोपल्या भरभरून माल ओतला होता.

आणि फी म्हणाल तर ‘नेचर’ने पेपर खुला ठेवायचा दर 9500 युरो लावला होता. तुमच्या क्यूआर कोडवाल्याला निदान लाजेने चार आकडी रुपयांत थांबावं लागतं.

तासिकावाला

सगळे विद्वान बोलून झाले असतील तर सीएचबीवाल्याचंही, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचंही, ऐका.

यूजीसीच्या 2018च्या नियमावलीत विज्ञानाच्या पेपरला 8 गुण, भाषा, सामाजिक शास्त्रं, शिक्षणशास्त्र यांच्या पेपरला 10. म्हणजे चित्रकार्ड ताईंची तीन मुलं ताऱ्यापेक्षा दोन गुणांनी वजनदार. लेखक दोनपेक्षा जास्त असले की मुख्य लेखकाला 70 टक्के, बाकीच्या प्रत्येकाला 30. जून 2023मध्ये पल्सार या ताऱ्यांच्या नोंदींवरून अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर झाले, त्यात खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणं होती. भलीमोठी लेखकांची यादी. त्यात राबलेल्या पोराच्या वाट्याला 30 टक्के, आणि एकट्याने ‘कोविड आणि शेअर बाजार’ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण! सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला बोलावताना पेपरमागे 2 गुण मोजतात. 2022मध्ये पीएच.डी.साठी पेपरची सक्ती काढली म्हणून टाळ्या वाजवल्या, पण नोकरीच्या रांगेत ती तशीच उभी आहे.

मी तासाला पैसे घेतो, उन्हाळ्यात तास नाहीत तर पैसे नाहीत. प्रयोगशाळेची चावी शिपायाकडे. माझ्याकडून कुठलं संशोधन अपेक्षित आहे? मी क्यूआर कोड स्कॅन केला नाही तर माझ्या शेजारचा करतो आणि जागा त्याला जाते. ग्रंथपाल सर, चाळणी लावायची तर आधी पर्मनंट मंडळींच्या जुन्या फायलींना लावा. बघू कोण टिकतं.

जुना ग्रंथपाल

जुन्या फायलींना हात लावायचा अधिकार मला नाही, असता तर लावला असता. परिस्थिती वाईट आहे म्हणून खोटा पेपर खरा होत नाही. तुमच्या शेजाऱ्याने जागा पळवली हे मान्य. पण ती पळवता आली कारण माझ्यासारख्याने पेपर न उघडता गुण दिले.

खोडदकरांच्या म्हणण्यापुरता नियम बदलतो. विषयांच्या गर्दीवरून नाही, पण संपादक मंडळात त्या विषयाचा माणूस नसेल तर शून्य. शिवाय परीक्षकांचा अहवाल फायलीला जोडायचा.

पिपेट

अहवाल तेही देतात हो. ‘पेपर इज गुड. करेक्ट द ग्रामर.’ दोन ओळी आणि खाली शिक्का. कच्चा डेटा मागा. ब्लॉटचा न कापलेला फोटो मागितला की निम्मे अर्ज आपोआप मागे जातील.

खोडदकर

आमच्याकडे तेही सोपं. जीएमआरटीचा डेटा ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुला होतो.

चित्रकार्ड

आणि माझा कच्चा डेटा म्हणजे वर्गातले व्हिडिओ. किंचाळणारं, कपडे ओढणारं, कधी शू केलेलं मूल. पालकांनी संमती दिली ती अभ्यासापुरती. ते मी कॅसच्या फायलीला पेनड्राइव्हवर जोडणार नाही, गुण शून्य झाले तरी.

जुना ग्रंथपाल

व्हिडिओ नकोत. रोजच्या नोंदींचे तक्ते आणा, नावं झाकून, आणि त्यांवरून काढलेले आलेख. दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे त्याच तासांच्या नोंदी घेतल्या असतील आणि दोन्ही जुळत असतील तर त्याही. ते वाचणारा माणूस आमच्या समितीत नाही हे खरं. विशेष शिक्षणातलं कुणी बाहेरून बोलवायचं म्हणून सोमवारी प्राचार्यांना टिपणी देतो. त्यांचा पहिला प्रश्न प्रवासभत्ता कुठल्या खात्यातून, हा असणार.