सिंगापूर: एस्प्लनेडची एक संध्याकाळ कशी आखावी?

नीलांबरी
नोव्हेंबरमध्ये आईबाबांना घेऊन सिंगापूरला जायचं ठरतंय. एस्प्लनेड या खाडीकाठच्या कलाकेंद्राच्या कॉन्सर्ट हॉलमध्ये संध्याकाळी ७:३०चा कार्यक्रम बघायचा आहे. त्याच दिवशी मर्लायन (सिंहाचं डोकं आणि माशाचं अंग असलेला पुतळा), मरीना बे सँड्स हॉटेलचा लेझर शो आणि गार्डन्स बाय द बेची रोषणाई जमेल का? आई शाकाहारी आहे, बाबांचे गुडघे दुखतात. कुठल्या खुर्च्या घ्याव्यात?

खाडीकाठ
गार्डन्सची रोषणाई त्या दिवसातून काढून टाका. ती ७:४५ आणि ८:४५ला असते, तेव्हा तुम्ही हॉलमध्ये असणार. लेझर शो ८ आणि ९ला होतो, पण शुक्रवार-शनिवारी १०लाही असतो. म्हणून तिकीट या दोन वारांचं काढा. कार्यक्रम साडेनऊपर्यंत संपला तर हेलिक्स पुलावरून सावकाश चालतही पोचाल. एस्प्लनेडच्या काठावरून लेझर दिसतात, पण कारंजी आणि पाण्याच्या पडद्यावरची चित्रं नीट दिसत नाहीत. निघण्याआधी त्या दिवसाच्या वेळा एकदा तपासा.

मेट्रोने जायचं तर लक्षात ठेवा, एस्प्लनेड स्थानकातून मरीना बे सँड्सजवळच्या बेफ्रंटला थेट गाडी नाही, प्रॉमेनेडला बदलावी लागते. येताना सिटी हॉलला उतरू नका. तिथून भुयारी बाजारातून कोरडं आणि गार येता येतं खरं, पण चाल बरीच आहे.

साधारण ४:३०ला पोचा. मर्लायन आधी उरका. एस्प्लनेडहून तिकडे नेणारा ज्युबिली पूल २२० मीटरचा आहे आणि वाटेत पायऱ्या नाहीत. मर्लायन मुळात नदीच्या मुखाशी होता. १९९७ला एस्प्लनेड पूल झाला आणि तो खाडीकडून दिसेनासा झाला, म्हणून २००२मध्ये आताच्या जागी हलवला. सूर्य सातच्या सुमारास मावळतो. त्याआधी एस्प्लनेडच्या गच्चीवर जा, तिथे तिकीट लागत नाही. नोव्हेंबरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस ठरलेलाच. विजा चमकत असतील तर गच्ची सोडा आणि आतच बसा.

तंबोरा
खुर्च्यांबद्दल. हा हॉल मुळात ध्वनिक्षेपकाशिवायच्या वाद्यवृंदासाठी बांधलाय. रंगमंचावर खालीवर होणारं छत आहे आणि भिंतींमागे नाद लांबवणाऱ्या मोकळ्या खोल्या. वाद्यवृंद असेल तर वरच्या मजल्यावरही उत्तम ऐकू येतं. आपलं गाणं मात्र बहुतेकदा माइकवर होतं, तेव्हा अगदी पुढच्या, कडेच्या खुर्च्या टाळा. एका बाजूचा स्पीकरच कानात बसतो, तबला आणि गळा वेगळे ऐकू येत नाहीत. रंगमंचामागच्या खुर्च्याही नकोत, गायकाची फक्त पाठ दिसेल.

बाबांसाठी तळमजल्यावर मधल्या ओळी, मार्गिकेलगतची खुर्ची. वरच्या मजल्यांवर आत शिरल्यावर पायऱ्या लागतात. शाल न्या, आत चांगलंच गार असतं. आणि उशीर करू नका. दारं लागली की पुढच्या योग्य विरामापर्यंत बाहेर थांबावं लागतं.

नोव्हेंबरात तिथे २००२पासून कलाउत्सवम् हा भारतीय कलांचा महोत्सव होतो. त्यातले बरेच कार्यक्रम तळमजल्याच्या दालनात आणि पाण्याकाठच्या खुल्या रंगमंचावर मोफत असतात. तारखा जुळत असतील तर तिकीट काढायच्या आधी ते बघा.

सराफकट्टा
खाण्याचं आधी ठरवा. शेजारच्या खुल्या खाऊगल्लीत साते (काडीला लावून भाजलेलं मांस) आणि मासळीचाच भर असतो, आईंची पंचाईत होईल. प्रॉमेनेडहून डाउनटाउन मार्गिकेवर तिसरं स्थानक लिटल इंडिया. तिथल्या सेरंगून रोडवरच्या कोमला विलास या शाकाहारी हॉटेलात दुपारचं जेवण करून या आणि रात्रीसाठी काही बांधून घ्या. मेट्रोत मात्र डबा उघडू नका, दंड ५०० डॉलरपर्यंत होतो.

आणि एक जागा, जी कुणाच्याच यादीत नसते. एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारकाची पायाभरणी नेताजींनी जुलै १९४५मध्ये केली, आणि त्याच वर्षी इंग्रजांनी परत येताच ते पाडलं. आताची खूण १९९५ची. शेजारच्या पाडांग मैदानावर ५ जुलै १९४३ला नेताजींनी सेनेपुढे ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. बाग सपाट आहे आणि बसायला बाकं आहेत, बाबांना घेऊन नक्की जा.