इन्कम टॅक्सच्या अकाउंटला जुन्या सीएंचा ईमेल आहे, बदलायचा कसा?

पेठकर७७: मदत हवी आहे, जरा लवकर. पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल दोन्ही आधीच्या सीएंचे. त्यांनी प्रॅक्टिस बंद केली, ऑफिसला कुलूप, फोन लागत नाही. पासवर्डही त्यांच्याकडेच. रिटर्नची शेवटची तारीख, ३१ जुलै, तोंडावर आलीय. अकाउंट आमचंच आहे हे सिद्ध कसं करायचं?

हिशोबनीस: 'फरगॉट पासवर्ड'मध्ये आधार ओटीपी निवडा. तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, सीएंच्या नाही. आत शिरलात की प्रोफाइलमधून ईमेल-मोबाइल बदला.

पेठकर७७: केलं हो. ओटीपी येतच नाही.

कर्वेनगरची मावशी: आधारला कुठला नंबर आहे? चालू आहे का तो?

पेठकर७७: बंद. बाबांचा जुना नंबर. अकाउंट बाबांचं आहे ना.

हिशोबनीस: मग 'आमचं' काय लिहिताय! पेन्शनच्या खात्याला नेटबँकिंग आहे का? असेल तर बँकेच्या साइटवरून थेट पोर्टलमध्ये जाता येतं, ओटीपीची भानगडच नाही. खात्याला पॅन जोडलेला हवा.

पेठकर७७: नेटबँकिंग कुठलं? पासबुक भरून आणणं हा बाबांचा सकाळचा कार्यक्रम आहे.

कोथरूडचे नाना: सरळ डिजिटल सिग्नेचर काढा. ती सही पेनड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनमध्ये असते, ते लावलं की पासवर्ड रीसेट. मी तेच वापरतो.

हिशोबनीस: नाना, तुमचा धंदा आहे. पेन्शनरने वर्षातून एकदा रिटर्न भरायला टोकन घ्यायचं? सिग्नेचरची मुदत संपली की पुन्हा पैसे भरा.

कोथरूडचे नाना: पैसे वाचवायला गेलात म्हणूनच सीएंचा ईमेल टाकू दिलात ना?

वारजेकर: १९३० ला फोन करा. सायबर तक्रार.

हिशोबनीस: अहो, ते पैशांची फसवणूक झाली तर. इथे कोणी काय चोरलंय?

कर्वेनगरची मावशी: पोस्टमनला बोलवा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेतर्फे तो घरी येऊन आधारचा मोबाइल बदलतो. २०२१ पासून सुरू आहे. कागदपत्रं काही लागत नाहीत, बोट टेकवायचं. फक्त ठसे उमटायला हवेत. आमच्या सासूबाईंचे काही केल्या उमटेनात, ग्लिसरीन लावून पाहिलं, तो बिचारा तासभर यंत्र पुसत बसला होता. शेवटी आधार केंद्रात नेऊन डोळ्यांच्या स्कॅनवर काम झालं. तिथे सकाळी लवकर जा, आणि गाडी लांब लावा.

वारजेकर: पार्किंगचं नावच काढू नका. लक्ष्मी रोडला परवा माझी गाडी उचलली.

सिंहगड रोडकर: बाबांचं वय काय? ७५ झालं असेल आणि उत्पन्न फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज असेल, तर बँकेला डिक्लरेशन द्या. बँकच टॅक्स कापते, रिटर्न भरावं लागत नाही.

पेठकर७७: ७१. आणि एफडी दुसऱ्या बँकेत.

सिंहगड रोडकर: मग नाही. पण तारीख हुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. लेट फी ५००० पर्यंत, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १०००.

भूमिपुत्र: लाइट बिलावर वडिलांचं नाव बदलायचं असेल तर सोसायटीची एनओसी लागते का?

पेठकर७७: भूमिपुत्र, वेगळा धागा काढा की. मावशी, पोस्टमनला सांगितलंय, उद्या येतो म्हणाला.

हिशोबनीस: पॅन-आधार लिंक आहे ना पण? नसेल तर तो ओटीपीही पोर्टलवर चालणार नाही.